टाळ्यांना पडलेली भोके: ‘व्हेअर द लाइट इज’, आठ महिन्यांनंतर

अमेरिकी गायक-गिटारवादक जॉन मेयरच्या ‘व्हेअर द लाइट इज’ या मैफलीच्या अल्बमची दुहेरी सीडी मी घेतली ती निव्वळ काटकसरीपायी. गाण्यांच्या अ‍ॅपची मासिक वर्गणी बंद करायची आणि जे अल्बम आपण खरोखर पुन्हा पुन्हा ऐकतो तेवढेच जुन्या मालाच्या दुकानांतून जमवायचे, असे ठरवले होते. हा संच साडेचारशे रुपयांना मिळाला. वेष्टन शाबूत होते, आतली पुस्तिकाही होती, आणि मी मनातल्या मनात वर्षभराच्या बचतीचा हिशेब मांडत घरी आलो. चौथ्या दिवशी पहिली तबकडी अकराव्या ट्रॅकवर अडकली.

अकरावा ट्रॅक म्हणजे ‘आउट ऑफ माय माइंड’, हा त्या तबकडीवरचा सर्वांत संथ आणि ऐसपैस ब्लूज (आफ्रिकी-अमेरिकी लोकसंगीतातून आलेला प्रकार). मेयर एक सूर ओढून धरतो, तो सोडतच नाही, आणि श्रोते ओरडू लागतात, अशा जागा त्यात बऱ्याच आहेत. त्यामुळे तबकडीची उचकीही काही क्षण मला वादनाचाच भाग वाटली. सीडी आतून बाहेरच्या दिशेने वाचली जाते, म्हणून कडेजवळ ओरखडे असले की पहिली गाणी निर्धोक वाजतात आणि शेवटची बिघडतात, हे मला माहीत होते. पण दुकानात तबकडी उजेडासमोर धरून पाहण्याची बुद्धी झाली नाही. दुकानदाराने “साहेब, जुना माल परत होत नाही,” एवढ्या एकाच वाक्यावर तीन भेटी निभावून नेल्या. शेवटी मऊ कापडावर टूथपेस्ट घेऊन केंद्राकडून कडेकडे सरळ रेषेत (गोल गोल कधीही नाही) पुसण्याचा उपाय केला. अकरावा ट्रॅक वाजू लागला, तेरावा मात्र प्लेअरने नाकारलाच. तो संगणकाच्या ड्राइव्हने अगदी सावकाश, चौथ्या प्रयत्नात वाचला. मग दोन्ही तबकड्यांच्या एमपीथ्री फायली करून पेनड्राइव्हवर घेतल्या आणि गाडीत लावल्या.

माझी खरी तक्रार इथून सुरू होते. गाणे संपते, टाळ्या उसळतात, आणि त्या भरात असतानाच कोणीतरी सभागृहाचे दार लावून घ्यावे तसा आवाज तुटतो. अर्धा सेकंद शांतता. मग त्याच टाळ्या पुन्हा मधूनच सुरू होतात. बावीस ट्रॅकच्या अल्बममध्ये हे जवळजवळ प्रत्येक सांध्यावर घडते. घरातल्या कोणालाही ते खटकले नाही. मला मात्र पुढे पुढे गाणे चालू असतानाच येणाऱ्या त्या भोकाची धास्ती वाटू लागली.

कारण शोधले तेव्हा ते साधेच निघाले. सीडीवर दोन ट्रॅकांच्या मध्ये खरी भिंत नसते. ध्वनी सलग असतो आणि सीमा ही केवळ एक खूण असते. एमपीथ्रीत मात्र प्रत्येक गाण्याची वेगळी फाईल होते आणि ध्वनी ११५२ नमुन्यांच्या (म्हणजे ध्वनीच्या क्षणोक्षणी घेतलेल्या मोजमापांच्या) ठोकळ्यांत बांधला जातो. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर एक ठोकळा सुमारे २६ मिलिसेकंदांचा होतो. गाणे नेमके ठोकळ्याच्या कडेवर संपणे दुर्मीळच, म्हणून उरलेली जागा शांततेने भरली जाते, आणि फाईलच्या आरंभीही थोडी शांतता चिकटते. किती शांतता वगळायची याची नोंद फाईलमध्ये ठेवता येते, पण ती वाचण्याची तसदी माझ्या गाडीतला प्लेअर घेत नाही. शिवाय पुढची फाईल उघडण्यात तो स्वतःचा वेळ खातो तो वेगळाच. स्टुडिओत केलेल्या अल्बममध्ये हे कळतही नाही, कारण तिथे गाण्यांमध्ये शांतता असतेच. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात ती असह्य होते. वाहवा अर्ध्यावर तोडून पुन्हा जोडली, तर श्रोत्यांच्या जागी टाळ्यांचे यंत्र बसवल्यासारखे वाटते.

ही मैफल ८ डिसेंबर २००७ रोजी लॉस एंजेलिसच्या नोकिया थिएटरमध्ये झाली आणि अल्बम जुलै २००८ मध्ये आला. तिचे तीन भाग सर्वांना ठाऊक आहेत: आधी अ‍ॅकूस्टिक गिटारवरची पाच गाणी, मग तिघांचे ब्लूज, आणि दुसऱ्या तबकडीवर पूर्ण वाद्यवृंद. पहिल्या दोन महिन्यांत माझे ठाम मत होते की पहिली पाच गाणी घ्यावीत आणि बाकीचे सोडून द्यावे. ‘निऑन’मध्ये गिटारची सर्वांत जाड तार ‘ई’ या स्वरावरून ‘सी’पर्यंत उतरवलेली आहे, अंगठा खर्जाच्या तारांवर आघात करत चालतो आणि वरची बोटे वेगळेच काही विणत असतात, त्यामुळे एकटा माणूस वाजवतो आहे यावर विश्वास बसत नाही. ‘इन युअर अ‍ॅटमॉस्फिअर’ तोवर त्याच्या कोणत्याही स्टुडिओ-अल्बमवर आलेले नव्हते. रॉक गायक टॉम पेटीचे १९८९ चे ‘फ्री फॉलिन’ त्याने इतके मंद केले आहे की ते विरहगीत होऊन बसते. अधूनमधून उठणाऱ्या किंकाळ्या सोडल्या तर या भागाला नाव ठेवायला जागा नाही.

हे मत मी बदलले आहे, आणि त्याचे श्रेय त्या भोकांनाच द्यावे लागेल. त्यांना कंटाळून मी दोन्ही तबकड्या पुन्हा संगणकावर घेतल्या आणि या वेळी ध्वनीत काहीही न गाळणाऱ्या फ्लॅक स्वरूपात साठवल्या. फायली कितीतरी मोठ्या झाल्या, पण शांतता भरण्याचे कारणच उरले नाही आणि फोनवरच्या प्लेअरने सांधे अचूक जुळवले. सलग ऐकताना प्रथमच लक्षात आले की खरा अल्बम सहाव्या ट्रॅकपासून तेराव्यापर्यंत आहे. पीनो पॅलाडिनो बेसवर, स्टीव्ह जॉर्डन ड्रमवर आणि मेयर. चौथा कोणी नाही. गिटार एकल वादनात शिरली की मागे स्वरसंगती धरून ठेवायला माणूसच उरत नाही. ती पोकळी पॅलाडिनो फार स्वर न वाढवता भरतो, आणि जॉर्डन ठोका किंचित मागे ओढून तिघांनाही घाई करू देत नाही. ब्लूज गायक-गिटारवादक बी. बी. किंगमुळे घराघरांत पोहोचलेले ‘एव्हरी डे आय हॅव द ब्लूज’ आरंभी आहे, तर लगेच त्यानंतर आणि शेवटी रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सची १९६७ ची दोन गाणी आहेत. हेंड्रिक्सचाही संच तिघांचाच होता, त्यामुळे ही निवड केवळ आदरापोटी केलेली नाही. एका गाण्याची धग विझण्याआधी दुसरे पेट घेते. माझ्या पेनड्राइव्हने नेमके हेच सहा महिने मारून टाकले होते.

दुसऱ्या तबकडीविषयी मला कमी सांगायचे आहे. वाद्यवृंदात आणखी दोन गिटारवादक, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन आल्यावर पोकळी राहत नाही आणि धोकाही राहत नाही. ‘स्लो डान्सिंग इन अ बर्निंग रूम’ उत्तम, ‘आय डोंट ट्रस्ट मायसेल्फ’ रेंगाळलेले. अल्बमचे नाव ज्या गाण्याच्या शब्दांतून आले ते ‘ग्रॅव्हिटी’ याच तबकडीवर आहे. २००५ च्या ‘ट्राय!’ या अल्बमवर ते याच तिघांनी वाजवले होते. या रात्री ते वाद्यवृंदाकडे का सोपवले, हा माझा मेयरवरचा राग अजून गेलेला नाही. दोन्ही रूपे लागोपाठ ऐकावीत. मला तिघांचे अधिक पटते. डॅनी क्लिंचने दिग्दर्शित केलेल्या या मैफलीच्या चित्रफितीची डीव्हीडीही निघालेली आहे, पण आता कोणतीही जुनी तबकडी मी उजेडासमोर धरल्याशिवाय घेणार नाही. याच अल्बमच्या चार एलपींच्या (ग्रामोफोनच्या तबकड्यांच्या) संचाचा मोह मी टाळला, कारण आठ बाजू म्हणजे सात वेळा उठणे, आणि मग पेनड्राइव्हने काय वेगळे केले होते?

गाडीतला प्रश्न मात्र राहिलाच होता, कारण तिथला प्लेअर फ्लॅक वाचत नाही. त्यावर मागच्या महिन्यात उपाय केला: तिन्ही भागांची प्रत्येकी एकच सलग एमपीथ्री फाईल बनवली. आता भोके नाहीत, तीन फायली आहेत आणि टाळ्या पूर्ण आहेत. अडचण एवढीच की मुलगी गाडीत बसताच “बाबा, फ्री फॉलिन लावा ना” म्हणते, आणि मला पहिली चार गाणी ओलांडेपर्यंत सिग्नलला थांबून थांबून पुढे सरकवण्याचे बटण दाबून धरावे लागते.