कारवानला साप चावला: नाग की घोणस?

कारवान हा शिकारी जातीचा कुत्रा झुडपात तोंड घालतो, म्हणून दंश बहुधा नाकाडावर किंवा पुढच्या पायावर सापडतो. सूज चढण्याआधी गळपट्टा काढा. कुत्र्याला उचलून न्या, चालवू नका.

नागाचं विष मज्जातंतूंवर जातं: पापण्या मिटतात, लाळ गळते, पाय लुळे पडतात, शेवटी श्वास थांबतो. प्रतिविषासोबत अ‍ॅट्रोपिन देऊन स्नायूंची ताकद परत आणणारं निओस्टिग्मिन आणि वेळ पडली तर श्वासनलिकेत नळी हवी.

घोणस जास्त फसवी. कुत्रा स्वतःच्या पायांनी दवाखान्यात येतो, पण दंशातून रक्त पाझरत राहतं, लघवी लाल होते. 2 मिली रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत 20 मिनिटं न हलवता ठेवा, मग नळी तिरकी करा. पातळच वाहिलं तर घोणशीचं किंवा फुरशाचं विष भिनलंय. प्लास्टिकच्या नळीत ही चाचणी चुकते. स्नायूत इंजेक्शन नको, तिथे आतल्या आत रक्तस्राव होऊन रक्त साठतं. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामकही नको, मूत्रपिंडं आधीच धोक्यात असतात.

प्रतिविष दोन्हींना एकच. 10 मिलीची कुपी विरघळवताना जोरात हलवली की फेस येतो; हळू गोल फिरवा. मात्रा वजनावर ठरत नाही, कुत्रा लहान म्हणून साप विष कमी टोचत नाही. अ‍ॅड्रेनॅलिन हाताशी ठेवा, प्रतिविषाची तीव्र अ‍ॅलर्जी उठली तर लागतं. करकचून दोरी दोन्हीत नको. घोणशीच्या दंशात तर पाय सडतो.