गाडीचा ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) ‘नवीन’ टाकला म्हणून ४०,५०० घेतले. डबा माझाच होता.

आधीच कबूल करतो, म्हणजे नंतर कोणी टोमणा मारायला नको. मी शाळेत विज्ञान शिकवतो. चोवीस वर्षं झाली, दहावीच्या पोरांना विद्युतधारा, शॉर्ट सर्किट, फ्यूज हे सगळं मीच शिकवतो. आणि एका तारेच्या शॉर्टपायी चाळीस हजार पाचशे रुपये गॅरेजवाल्याच्या हातात ठेवून वर त्याला धन्यवाद म्हणून आलो. टोचनवाल्याचे १,८०० वेगळे.

आखाजी (अक्षय तृतीया) होऊन आठवडा झाला होता. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन धुळ्याला झालं होतं. डोळ्यावर पट्टी बांधलेल्या आईला घेऊन मी आणि बायको एरंडोलला परत निघालो होतो. दुपारचा दीड. मे महिन्यातलं दीडचं ऊन खान्देशातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. मुकटी मागे पडलं आणि पारोळा यायच्या आत गाडीने मान टाकली. आधी पिकअप गेला, मग चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि इंजिन गपकन बंद. सेल्फ मारला की नुसतं घर्रघर्र, स्टार्ट काही होईना. बारा वर्षं जुनी डिझेल गाडी आहे, पण तोवर रस्त्यात तिने कधी दगा दिला नव्हता.

हे एवढ्यासाठी सांगतोय की ‘दुसऱ्याकडे का नाही दाखवली’ असं आतापर्यंत निदान तीस जणांनी विचारलंय. मागच्या सीटवर चौऱ्याहत्तर वर्षांची आई, ऑपरेशन होऊन दोनच दिवस झालेले, रस्त्याला सावलीचं झाड नाही. अशा वेळी माणूस चौकशी करत बसत नाही. जवळच्या ढाब्यावरचा पोरगा म्हणाला, ‘माझ्या ओळखीचा आहे, टोचन करून नेईल.’ त्या दोघींना भाचा येऊन घेऊन गेला आणि मी गाडीमागे धुळ्याच्या बाजूच्या एका गॅरेजात पोचलो.

गॅरेज झकपक होतं. मालक पस्तिशीचा, गोड बोलणारा. मी एरंडोलचा आहे हे कळल्याबरोबर अहिराणीवर आला. ‘मंग तं आपलाच मानूस शे ना भो!’ पाणी आलं, चहा आला, पंखा माझ्याकडे वळवला गेला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला (५०० रुपये) आणि मला स्क्रीन दाखवली. चार कोड, म्हणजे बिघाडाचे नंबर. मी मोबाइलवर फोटो काढून ठेवला. एवढीच काय ती अक्कल दाखवली, आणि ती मी वापरलीच नाही.

पी०१०७, पी०१९२, पी०५३२, पी०६४२.

तो म्हणाला, ‘बघा सर, हवेचा सेन्सर, डिझेलच्या रेलचा सेन्सर, एसीचा सेन्सर, सगळे एकदम गेले. एकाच वेळी सगळे कसे जातील? म्हणजे गाडीनं डोकंच गयं.’ डोकं म्हणजे ईसीएम, इंजिन चालवणारा कॉम्प्युटर. मला हे पटलं. तिन्ही सेन्सर एकदम जाणार नाहीत, हे खरंच आहे. त्याने खरं वाक्य बोलून खोटा निष्कर्ष गळ्यात मारला.

आता ऐका. या सेन्सरांना ईसीएमकडून पाच व्होल्टचा पुरवठा जातो. त्यातली एक तार कुठे बॉडीला टेकली की पुरवठाच बसतो आणि त्या लाइनवरचे सगळे सेन्सर मेल्यासारखे दिसतात. चौथा कोड, पी०६४२, नेमकं हेच सांगत होता: सेन्सरांना जाणारा संदर्भ व्होल्टेज कमी आहे. त्याचं नाव त्याने घेतलंच नाही. कोड म्हणजे निकाल नव्हे. ताप आलाय एवढं कळतं, तो मलेरियाचा की टायफॉइडचा हे रक्त तपासल्यावर. कोणी नुसता स्कॅनर बघून ईसीएम गेला म्हणाला, तर मल्टीमीटर लावायला सांगा. ईसीएमला बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज येतो का, अर्थिंग नीट आहे का, फ्यूज आणि मेन रिले धड आहेत का. पंधरा मिनिटांचं काम. तो टाळत असेल तर गाडी उचला. टोचनचे आणखी अठराशे जाऊ द्या.

त्याने हिशोब सांगितला. ईसीएम ३४,५००, प्रोग्रामिंग ४,५००, मजुरी १,५०० आणि स्कॅनिंगचे आधीचे ५००. एकूण ४१,०००, त्यातले पाचशे ‘आपला माणूस’ म्हणून सोडले. माल पुण्याहून येणार, २०,००० आगाऊ. क्यूआर कोड स्कॅन केला तर भलतंच नाव आलं. म्हणाला, मेव्हण्याचं खातं आहे, माझ्या खात्याची लिमिट संपली. पैसे गेले. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, त्यावर कर वेगळा पडेल, सर. मग मीच म्हणालो, राहू द्या. हे लिहिताना लाज वाटते, पण कर वाचवायचा मोह माझाच होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला, गाडी तयार आहे. एसटीने गेलो. एका सेल्फला गाडी सुरू. तो म्हणाला, ‘या ना, दाखवतो,’ आणि मोबाइलचा टॉर्च मारत बॉनेट उघडलं. बॅटरीशेजारी ईसीएमचा ॲल्युमिनियमचा डबा, चकचकीत पुसलेला, वर नवंकोरं बारकोडचं स्टिकर.

आणि त्या डब्याच्या खाचांमध्ये लाल रेघ.

या वर्षीच्या पाडव्याला बायकोने गाडीची पूजा केली होती. तिचा हट्ट असतो की नुसतं टपाला आणि चाकांना काय लावायचं, बॉनेट उघडा, ओढतं ते इंजिन. मग पाण्यात कालवलेलं हळदकुंकू इंजिनाच्या कव्हरला, बॅटरीला आणि शेजारच्या खाचाखाचांच्या त्या डब्यालाही, कारण तो तिला ‘महत्त्वाचा दिसला’. मी तिथे नारळ हातात धरून उभा होतो. तो डबा मी पाहिला होता. ते कुंकू मी पाहिलं होतं.

आणि दीड महिन्याने ‘नवीन’ डब्यावर ते दिसल्यावर मी काय म्हणालो? ‘अरे वा, पूजा पण केली वाटतं!’

तो अर्धा क्षण थांबला. हे मला आता आठवतं, तेव्हा दिसलं नव्हतं. मग म्हणाला, ‘हो ना सर, लक्ष्मी आहे, नवीन पार्ट बसवला की लावतोच.’ थाप मीच तयार करून दिली, त्याने फक्त मान डोलावली. वर मला बरं वाटलं. माणूस सश्रद्ध आहे म्हणून उरलेले २०,५०० रोख मोजून दिले आणि जुना ईसीएम मागितला तर ‘तो एक्स्चेंजला कंपनीत जमा करावा लागतो’ हेही मुकाट्याने ऐकून घेतलं. रात्री झोप लागत नाही ती पैशांमुळे नाही. त्या ‘अरे वा’मुळे.

जुना पार्ट सोडू नका. कितीही एक्स्चेंज सांगू दे, आधी हातात घ्या, नंबराचा फोटो काढा, मग द्या. आणि गाडी गॅरेजात सोडण्याआधी ईसीएमवरच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. स्टिकर बदलता येतं म्हणून कोपऱ्यात नेलपॉलिशचा ठिपका लावा. आमच्याकडे कुंकू होतं, पण ते वाचायला डोकं नव्हतं.

दुसरी खूणही होती. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी कपाटातल्या दुसऱ्या चावीने गाडी काढली. लागली. इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत ईसीएम बदलला की चाव्या त्याच्याशी जुळवाव्या लागतात, आणि ही चावी एरंडोल सोडून कुठे गेलीच नव्हती. जुन्या ईसीएममधला डेटा नव्यात उतरवला तर जुनी चावी चालते, हे मला आता माहीत आहे. गॅरेजवाला नंतर हेच बोलणार हेही माहीत होतं, आणि तो तेच बोलला.

बावीस दिवस गाडी चालली. तेविसाव्या दिवशी अंगणातच तीच घर्रघर्र. या वेळी जळगावहून एका ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावलं. साठीचा माणूस, मोटारसायकलवर आला. पिशवीत मल्टीमीटर, टेस्ट लॅम्प आणि ब्लेड. स्कॅनर होता, पण तो त्याने मिनिटभर पाहून बाजूला ठेवला. पाच व्होल्टच्या तारेवर मीटर लावला तर काटा शून्याला चिकटलेला. एकेक सेन्सरचं कनेक्टर काढत गेला, व्होल्टेज काही वर येईना. ‘म्हणजे सेन्सर चांगले आहेत मास्तर, वाटेत कुठेतरी तार मार खाते.’ मग तारांचा जुडगा हाताने चाचपत पुढे गेला. रेडिएटरच्या पंख्याच्या पट्टीपाशी, एसीच्या प्रेशर सेन्सरकडे जाणारी तार घासून उघडी पडली होती. उघडी पडलेल्या जागेवर काळी टेप होती. उन्हाने चिघळून सरकलेली, पण नवी. बाकी जुडग्यावरची कंपनीची टेप धुळीने मातकट झालेली आणि ही काळीभोर.

तो माझ्याकडे बघून म्हणाला, ‘आधीच्याला फॉल्ट सापडला होता.’

म्हणजे चूक नव्हती. त्याने तार शोधली, दहा रुपयांची टेप गुंडाळली, माझाच डबा पुसून वर स्टिकर मारलं आणि तीन दिवस गाडी उभी ठेवली. इलेक्ट्रिशियनने तारेचा तुकडा बदलला, वर पाइप चढवला, पट्टीपासून दूर बांधला. बिल ६५०. मी हजार दिले तर साडेतीनशे परत केले.

तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या बायकोने बॉनेटमध्ये डोकावलं. ‘अगंबाई, माझं पाडव्याचं कुंकू अजून आहे की.’

इथे सगळं कळलं. मी ओट्यावर बसून राहिलो.

गॅरेजवर गेलो. अहिराणी बंद, चहा बंद. ‘तेव्हा गाडी चालू करून दिली होती ना? आता वायरिंगचं वेगळं काम निघालं असेल.’ कुंकवाचं विचारलं तर म्हणे, तुम्हीच तर म्हणाला होता पूजा केली म्हणून!

मग सरकारी वारी. गॅरेजच्या हद्दीतल्या ठाण्यात दोन तास बाकावर बसवलं. साहेबांनी फोटो मोठा करून पाहिला आणि शेजारच्या हवालदाराला म्हणाले, ‘घ्या, कुंकवाचा पंचनामा करा.’ सगळे हसले. मीही हसलो, का ते माहीत नाही. मग ‘हा दिवाणी मामला, ग्राहक कोर्टात जा.’ खोटं सांगून पैसे उकळणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? आमच्याकडच्या ठाण्यात आलो तर ‘हद्द आमची नाही.’ हद्द कुठलीही असली तरी तक्रार नोंदवून घ्यायची, असं नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ कलमात आहे, त्याची छापील प्रत घेऊन पुन्हा गेलो. ती प्रत टेबलाच्या काचेखाली ठेवली आणि मला म्हणाले, ‘सर, तुम्ही शिकलेले, तुम्ही असे कसे फसलात?’ हा प्रश्न मला चार कचेऱ्यांत विचारला गेला. पाचव्या ठिकाणी गाड्यांशी संबंधित खिडकी म्हणून गेलो तर तिथला बाबू म्हणाला, गॅरेज आमच्याकडे येत नाही, गाडी येते. गाडीचं काही असेल तर बोला! बँकेत गेलो तर वीस हजार तुम्ही स्वतः पिन टाकून दिलेत, आम्ही काय करणार. बरोबर आहे. सगळं बरोबरच आहे. चोर सोडून सगळ्यांचं सगळं बरोबर आहे आणि चूक फक्त माझी.

वकिलाची नोटीस १,५०० रुपये. ‘घेण्यास नकार’ असा शेरा लिहून पाकीट परत आलं. ते पाकीट फाडू नका, फोडूही नका, पुरावा असतो.

ज्यांचं असं झालंय त्यांनी गप्प बसू नका. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून नंबर घ्या. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार चालते, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही लागत नाही. मात्र तिथे पहिला प्रश्न असतो, बिल कुठे? माझ्याकडे साध्या लेटरपॅडचा कागद आहे. त्यावर ‘इंजिन काम, रु. ४०,५००’ एवढंच. ईसीएम हा शब्दच नाही. लिहिताना मी समोर उभा होतो, वाचला नाही. आता इलेक्ट्रिशियनचं सही केलेलं पत्र, टेपचे फोटो, कोडचा फोटो आणि पाडव्याला भाच्याने काढलेला एक फोटो एवढं जोडलंय. त्या फोटोत मी नारळ घेऊन उभा आहे आणि मागे उघड्या बॉनेटमध्ये तो डबा, कुंकवासकट, स्पष्ट दिसतो.

तक्रार दाखल झाली आहे, पुढच्या महिन्यात तारीख आहे. तोवर गाडी धुतली तरी बॉनेट उघडायचं नाही आणि आतल्या डब्याला फडकं लावायचं नाही, असं घरात सगळ्यांना बजावून ठेवलंय.