श्रेडओएस: सहा महिन्यांत चौदा पीसी पुसून झाल्यावर

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ऑफिसातले चौदा पीसी विंडोज ११च्या टीपीएम २.०च्या (मदरबोर्डवरच्या सुरक्षा चिपच्या) अटीत बसेनात, तेव्हा ‘तुला यातलं कळतं ना, बघ जरा’ म्हणत सगळा ढीग माझ्या टेबलाशेजारी आणून ठेवला गेला. रिसायकलिंगला द्यायच्या आधी डिस्क पुसायला मी श्रेडओएस घेतलं. फुकट आहे, पेनड्राइव्हवरून बूट होतं आणि थेट एनवाइप हा डिस्क पुसणारा प्रोग्राम उघडतं.

फॉरमॅट मारला की झालं, असं मलाही वाटायचं. पण क्विक फॉरमॅटने नुसती अनुक्रमणिका जाते, मजकूर जागच्या जागी राहतो. फॉरमॅट मारलेल्या एका डिस्कवर गंमत म्हणून फोटोरेक हे पुसलेल्या फाइली परत काढणारं सॉफ्टवेअर चालवलं, तर पगाराच्या शीट आणि कुणाच्या तरी पासपोर्टचं स्कॅन निघालं. पुढची गंमत तिथेच थांबवली.

वापरायला सोपं आहे. स्पेसने डिस्क निवडायची, एमने पद्धत ठरवायची, शिफ्ट-एस दाबून सुरू. सुरुवातीला मी उगाच डीओडी शॉर्ट ही पद्धत लावत होतो, म्हणजे अख्ख्या डिस्कवर नवं लिहिण्याच्या तीन फेऱ्या. १ टेराबाइटच्या डिस्कला तपासणी धरून बारा तास जायचे. मग निस्ट या अमेरिकी मानक संस्थेची डिस्क पुसण्याबद्दलची ८००-८८ ही मार्गदर्शिका वाचली. २०१४च्या आवृत्तीनुसार आजच्या चुंबकीय डिस्कवर शून्यांची एक फेरी साधारणपणे पुरते. यादीतली ३५ फेऱ्यांची गटमन पद्धत १९९६ची, त्या काळच्या डिस्कसाठीची. तिच्या वाटेला जाऊ नका.

एकदा मात्र घाम फुटला. बॅकअपची एक्स्टर्नल डिस्क जोडलेलीच राहिली होती आणि यादीत तीही दिसत होती, त्याच कंपनीची, तेवढ्याच क्षमतेची. बोट शिफ्टवर होतं. तेव्हापासून स्टिकरवरचा सिरियल नंबर स्क्रीनवरच्याशी मोठ्याने वाचून जुळवतो. लोक हसतात, हसू देत.

एक डिस्क ८२ टक्क्यांवर अडकली आणि एरर वाढतच गेले. तिला हातोडा. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कमध्ये चकत्या बहुतेक वेळा काचेच्या असतात, हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्याच घावात आत चुरा झाला आणि डिस्क खुळखुळ्यासारखी वाजायला लागली. गॉगल लावला होता म्हणून निभावलं.

खरी मर्यादा एसएसडीची, म्हणजे चकत्यांऐवजी चिपवर साठवणाऱ्या ड्राइव्हची. तिचा कंट्रोलर लिखाण सगळ्या सेलवर फिरवत राहतो, शिवाय काही जागा राखीव ठेवतो. वरून कितीही फेऱ्या मारा, त्या जागेपर्यंत आपण पोचलोच याची खात्री नाही. तिथे ड्राइव्हला स्वतःलाच पुसायला सांगावं लागतं. साटा केबलने जोडायच्या एसएसडीला एचडीपार्म या लिनक्सच्या साधनाने सिक्युअर इरेज हा तोच आदेश दिला, तर ‘फ्रोझन’ म्हणून नकार. बूट होताना बायोसच ते कुलूप घालतो. पीसी स्लीपमध्ये टाकून जागा केला की बहुतेकदा सुटतं. यूएसबी अडॅप्टरमधून हा आदेश पुढे जाईलच असं नाही. माझ्याकडच्यातून गेला नाही, म्हणून ड्राइव्ह सरळ मदरबोर्डला जोडला. ज्या ड्राइव्हवर आधीपासून बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन होतं, त्यांच्याबद्दलची धाकधूक निम्मी होती.

चौदापैकी पाच पीसी रिसायकलिंगला गेलेच नाहीत. रॅम वाढवली, लिनक्स टाकलं, आता ते दुसऱ्या विभागात नोंदी करायला वापरतात. हे आधी सुचायला हवं होतं, कारण लॅपटॉपच्या एकूण कार्बनपैकी मोठा वाटा तो बनवतानाच खर्ची पडलेला असतो. उरलेल्या सामानातले दोन जुने मॉनिटर वेगळे बांधले, कारण एलईडीच्या आधीच्या एलसीडीत पारा असलेल्या बारीक ट्यूब असतात. मदरबोर्डवरचे बटण सेल काढून टोकांना चिकटपट्टी लावली.

एनवाइप सिरियल नंबरसकट पीडीएफ अहवाल देतं, त्याचा खरा उपयोग रिसायकलिंगच्या वेळी झाला. माल उचलणाऱ्यांनी दिलेल्या पावतीवर नुसतं किलोंत वजन होतं! तीनदा मागे लागल्यावर डिस्कवार यादी मिळाली, आणि ती माझ्या अहवालांशी ताडून पाहता आली.

श्रेडओएसला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो यादीत एसएसडी दिसली की ठळक इशारा हवा होता म्हणून.

फुगलेल्या बॅटरीचा एक लॅपटॉप अजून माझ्याकडेच आहे. टचपॅड इतका वर आलाय की झाकण मिटत नाही. टोचायची नाही, चार्जला लावायची नाही, एवढं पाळून तो वाळूच्या बादलीशेजारी ठेवलाय. बॅटऱ्या वेगळ्या स्वीकारणारे पुढच्या आठवड्यात येणार आहेत.