मार्गेटात जमिनीखाली उतरायचं तर कुठं?

गेल्या आठवड्यात सांगलीहून ताईचा फोन आला. ऑगस्टमध्ये ती आणि दाजी भाचीकडं लंडनला निघालेत आणि भाचीनं एक दिवस मार्गेटसाठी राखून ठेवलाय. "समुद्र बघू, ते ठीकच. पण ती म्हणते तिथं जमिनीखाली दोन-दोन गुहा आहेत. ह्यांचा गुडघा असला. एकच होईल आमच्यानं. तू जाऊन आलायस, सांग कुठली."

मी अर्धा तास बोललो. शेवटी ताई म्हणाली, "ते सगळं खरं, पण कुठली?" म्हणून आता नीट लिहून काढतोय. साताऱ्यात आमच्या एका गल्लीतली तीन घरं दर उन्हाळ्यात पोरांकडं इंग्लंडला जातात, त्यांनाही उपयोगी पडेल.

मार्गेट हे केंटमधलं समुद्रकाठचं जुनं गाव. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवरून वेगाची गाडी धरली तर दीडेक तास लागतो. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर पुळणच. वारा असा, की हिची ओढणी दोनदा उडाली. गावाच्या पोटात सगळा खडूचा दगड आहे, पांढरा, नखानं ओरखडा उठेल इतका मऊ. अजिंक्यताऱ्याचा काळा कातळ बघत वाढलेल्या माणसाला तो दगड वाटतच नाही. पण त्या मऊपणामुळंच तिथं जमिनीखाली एवढं कोरून झालंय.

त्यातली एक शेल ग्रोटो, म्हणजे शिंपल्यांची गुहा. दुसरी मार्गेट केव्ह्ज, म्हणजे खडूची जुनी खाण. दोन्ही गावाच्या एकाच बाजूला आहेत, एकीकडून दुसरीकडं रमतगमत चालत जाता येतं. दोन्हीकडं तिकीट आहे. नावं ऐकून दोन्ही सारख्याच वाटतात, पण आत गेल्यावर एकीचा दुसरीशी मेळ लागत नाही.

आधी शिंपल्यांची. साध्या रस्त्यावर, घरांच्या रांगेत एक दुकान असावं तसं दार आहे. आत शंख-शिंपल्यांच्या वस्तू विकायला ठेवल्यात, थोडी माहिती लावलीय, आणि तिथूनच पायऱ्या खाली उतरतात. पहिली चार पावलं उघडा खडू. मग एकदम दोन्ही बाजूंच्या भिंती शिंपल्यांनी भरलेल्या. हातभरसुद्धा जागा मोकळी नाही. एकूण ४६ लाख शिंपले आहेत असा हिशेब सांगतात. नक्षीचं क्षेत्रफळ साधारण २००० चौरस फूट, आणि हे सगळं अवघ्या ७० फुटांच्या वाटेत. दोन एसट्या एकामागं एक उभ्या केल्या की तेवढं अंतर झालं. आधी बोळ, मग मधल्या खांबाभोवतीची गोल जागा, वर घुमट, त्यातून येणारा दिवसाचा उजेड, पुढं सापासारखी वळणारी वाट आणि शेवटी चौकोनी दालन. त्याला ते वेदीची खोली म्हणतात.

माझी बायको रत्नागिरीची. मी भिंतीकडं तोंड वासून बघतोय आणि ही एकेक ओळखत चाललीय, "ह्या शिनाण्या. हे कालव. ह्या आपल्या तिसऱ्यांच्या चुलत बहिणी." खरंच मसल, ऑयस्टर, कॉकल असे खाण्यातलेच बहुतेक शिंपले आहेत. पण नक्षीच्या मधली मोकळी जागा भरायला वापरलेला बारका पिवळा शंख मार्गेटच्या किनाऱ्यावरचा नाही, तो पार साऊदॅम्प्टनच्या पलीकडून आणलेला. म्हणजे कुणीतरी पोती भरभरून बारके शंख गाडीनं नाहीतर गलबतानं आणले, रंगाप्रमाणे निवडले, आणि जमिनीखाली बसून एकेक चुन्यात दाबला. फुलं, झाडं, तारे, सूर्य काढले. आणि नाव कुठंच लिहिलं नाही.

मला अडलं ते इथं. आपल्या साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर घ्या. ११० फूट खोल, ५० फूट रुंद, आत महाल, तरी उतरताना भिंतीवर शिलालेख आहे. विरूबाई भोसल्यांनी बांधली, शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४. विषय संपला. मार्गेटात १८३५ साली ही गुहा सापडली. तळं खणताना जमिनीत भोक पडलं आणि न्यूलव्ह नावाच्या माणसानं दोरीला बांधून आपल्या पोराला आत सोडलं, असं सांगतात. त्यानंतर दोन-तीन वर्षांत तिकीट लागलं. पण त्याआधीचा एक कागद नाही. कुणी म्हणतं श्रीमंताचा छंद, कुणी म्हणतं फिनिशियन या प्राचीन दर्यावर्दी लोकांचं देऊळ, कुणी म्हणतं गुप्त मंडळींच्या बैठकीची जागा. माझं मत विचाराल तर छंदच. अठराव्या शतकात तिकडच्या पैसेवाल्यांना बागेत शिंपल्यांच्या गुहा करायचं वेडच होतं. पण ते लोक केलेलं मिरवायचे. हे झाकून का ठेवलं, याला माझ्याकडंही उत्तर नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे फोटो बघून गेलेल्यांची निराशा होणार नाही. रंग गेलेत. बरीच वर्षं आत गॅसचे दिवे जळत होते, त्या काजळीनं शिंपले काळपट-करडे झालेत. शिवाय ओल आहे. वेदीच्या खोलीची एक भिंत दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बनं गेली, तिथं आता नक्षी नाही. घुमटाखाली उजेड पडतो तिथं जवळ जाऊन एखाद्या शिंपल्याची कड बघा, मूळचा गुलाबी-पिवळा अजून दिसतो. हात लावू नका. तिकडच्या सरकारनं तिला पहिल्या श्रेणीची संरक्षित वास्तू ठरवलंय, आणि हाताच्या घामानं काय होतं ते आपल्याकडच्या लेण्यांत आपण बघतोच आहोत.

आता खडूची खाण. इथं गूढ फारसं नाही, पण गोष्टी भरपूर. सतराव्या-अठराव्या शतकात खडू काढायला खणली आणि मग लोक विसरून गेले. अठराव्या शतकाच्या अखेरीस वर एक मोठं घर झालं, आणि घरच्या माळ्याला बागेत काम करताना ती सापडली असं सांगतात. घरमालकानं खाली भिंतींवर चित्रं काढून घेतली. राक्षसासारखा माणूस, शिपाई, शिकार. १८६३ मध्ये तिकीट लावून लोकांना दाखवायला सुरुवात झाली. पुढं कुणी तिला व्होर्टिगर्न राजाचं नाव चिकटवलं. तो पाचव्या शतकातला, खाणीशी त्याचा काडीचा संबंध नाही. आपल्याकडं जशी प्रत्येक भुयाराची वाट थेट किल्ल्यावर निघते, तसलाच प्रकार. महायुद्धात लोक इथं आसऱ्याला उतरले. २००४ मध्ये ती बंद पडली. मग गावच्याच लोकांनी नेट लावला, पैसे उभे केले आणि २०१९ मध्ये परत उघडली.

आत उतरताना डोक्याला हेल्मेट घालायला देतात. दाजींना ते फार आवडेल, कारखान्यात आयुष्य गेलंय त्यांचं. दालनं उंच आणि मोकळी आहेत, ग्रोटोसारखं खांद्याला खांदा लागत नाही. भिंतीवर कुदळीचे घाव तसेच दिसतात. चित्रं मात्र ओबडधोबड. एखाद्या शाळेच्या गॅदरिंगचा पडदा असावा तशी, आणि म्हणूनच मला ती आवडली. वर नवीन इमारत आहे, चहा मिळतो, बसायला जागा आहे, माहितीही नीट मांडलीय. ग्रोटोत प्रश्न विचारला की हसून खांदे उडवतात. इथं उत्तर मिळतं.

गुडघ्याचं बोलायचं तर पायऱ्या दोन्हीकडं आहेत आणि चाकाची खुर्ची खाली नेता येत नाही. ग्रोटोतला फेरा आटोपशीर. बंद जागेत जीव घाबरणाऱ्यानं मात्र गर्दीच्या वेळी तिथं जाऊ नये, सकाळी उघडल्या-उघडल्या जावं. स्वेटर दोन्हीकडं लागतो, ऑगस्ट असला तरी. आणि हिवाळ्यात कुणी जाणार असेल तर वार बघून निघा, ग्रोटो तेव्हा सगळे दिवस उघडी नसते. मी हे शिकलो ते बंद दारासमोर उभं राहून, सोबत आणलेले कंदी पेढे खात. त्यामुळं माझ्या एकाऐवजी दोन फेऱ्या झाल्या.

नातवंडं बरोबर असतील तर बिनधास्त खाण. हेल्मेट, राक्षस, युद्धाच्या गोष्टी, पळायला जागा. पोरं ग्रोटोत दहा मिनिटांत कंटाळतात, माझ्या पुतणीची पोरगी तर शिंपले मोजायला बसली आणि पन्नासाला रडायला लागली. ज्यांना प्रत्येक गोष्टीचा सन-सनावळ्यांसकट खुलासा लागतो, त्यांनाही खाणच.

पण ताई, तुला आणि दाजींना एकच बघायचं असेल तर शिंपल्यांची. खाणी जगात पुष्कळ आहेत, चांगल्या खाणीही आहेत. असली दुसरी गुहा मी तरी ऐकलेली नाही. अर्धा-पाऊण तास पुरे. नंतर उतारानं समुद्राकडं चालत या, टर्नर नावाच्या चित्रकाराच्या नावाचं मोठं कलादालन लागेल, २०११ ला उघडलंय, तिथं दाजींना खुर्चीवर बसवून समुद्र दाखव.

हे सगळं काल ताईला पाठवलं. रात्री दाजींचा फोन. "वाचलं. ते हेल्मेटवालं कुठलं म्हणालास?"