जुने सेस्ना १७२ : काही महिन्यांच्या मालकीनंतरचा अनुभव

चार आसनांचे, एका इंजिनाचे जुने सेस्ना १७२ विकत घेऊन आता काही महिने झाले आहेत. १९५६ पासून या प्रकारची ४०,००० हून अधिक विमाने तयार झाली असल्याने सुटे भाग आणि या विमानाची सवय असलेले मेकॅनिक मिळायला सहसा अडचण येत नाही, आणि नव्या मालकाला याचा फार आधार वाटतो.

खर्चाचा हिशेब मात्र इंधनापासून सुरू करू नये. ताशी सुमारे ३० ते ३५ लिटर एव्हगॅस (विमानाचे पेट्रोल) लागते हे खरे; पण ते विमान उडाले तरच लागते. हँगरचे भाडे, विमा आणि वार्षिक तपासणी यांचा खर्च विमान नुसते उभे असले तरी चुकत नाही. शिवाय माझ्या विमानातील लायकमिंग इंजिनासाठी २,००० तास किंवा १२ वर्षे, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेव्हा ओव्हरहॉल (इंजिन पूर्ण उघडून दुरुस्ती) करावे, अशी उत्पादकाची शिफारस असल्याने प्रत्येक तासामागे काही रक्कम बाजूला ठेवावी लागते. कमी उडवल्याने पैसे वाचतात असेही नाही. इंजिन बरेच दिवस बंद राहिले की आतल्या भागांवरचे तेल निथळते आणि दमट हवेत कॅमशाफ्टला (इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या दांड्याला) गंज चढू लागतो. जमिनीवरच थोडा वेळ इंजिन चालवण्याचा उपायही उपयोगाचा नाही, कारण साचलेली वाफ निघून जाण्याइतके तेल त्यात तापत नाही.

वेग ताशी सुमारे २२० किलोमीटर असला, तरी केवळ दृश्य-उड्डाणाचा (म्हणजे बाहेरचे दिसत असतानाच उडण्याचा) परवाना असलेल्या वैमानिकाला ढग खाली आले की थांबावेच लागते. त्यामुळे ठरल्या वेळी पोहोचणे आवश्यक असेल तेव्हा मी विमानावर विसंबत नाही. आसने चार असली, तरी टाक्या पूर्ण भरल्यावर चार प्रौढ आणि सामान वजनाच्या मर्यादेत सहसा बसत नाहीत.

तरीही विमान हवे तेव्हा मिळते, त्याची देखभाल कोणी व कशी केली हे ठाऊक असते, आणि (हे कागदावर मांडता येत नाही) त्याच्या आवाजातला बारीक फरकही कानाला कळू लागतो. माझ्यापुरते एवढे पुरेसे आहे. वर्षाला शंभर तासही उडणार नसाल, तर भाड्याचे विमान किंवा दोन-तीन जणांची भागीदारी अधिक शहाणपणाची. आणि विकतच घ्यायचे ठरले, तर विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून इंजिनाची आतून तपासणी झाल्याशिवाय पैसे देऊ नयेत.