लेबर रूमची सिस्टर: आधी एनआरपी की एसीएलएस?
नाशिकरोडची एक ज्युनिअर परवा म्हणाली, "ताई, पैसे एकाच कोर्सपुरते आहेत, कुठला करू?" बीएलएस (छाती दाबून, श्वास देऊन जीव वाचवण्याचा प्राथमिक कोर्स) झालंय ना, मग एनआरपी (नवजात बाळाचा श्वास सुरू करायचा कोर्स) कर, असं मी सरळ सांगितलं. आईचं हृदय बंद पडणं आपल्याकडे क्वचित. बाळ न रडणं मात्र कधीही समोर येतं. पहिल्या ६० सेकंदांत बाळ पुसायचं, मान नीट ठेवायची, तरी श्वास नसेल तर बॅग-मास्कने (तोंडा-नाकावर मास्क ठेवून पिशवी दाबत) हवा द्यायची, मिनिटाला ४० ते ६० वेळा. मास्क हनुवटीवर जरा सरकला की हवा बाजूने निघून जाते, छाती हलतच नाही. हे वाचून नाही, बाहुलीवर हात बसवूनच येतं. छाती दाबायची वेळ आलीच तर ३ दाबांमागे १ श्वास.

एसीएलएस मोठ्यांसाठी, हृदय बंद पडलं तर पुढचे उपचार: ईसीजी ओळखणं, विजेचा शॉक देणं, अ‍ॅड्रेनालिन. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं कार्ड २ वर्षं चालतं. गरोदर बाईचं पोट मोठं असेल तर कुणीतरी गर्भाशय हाताने डावीकडे सारून धरायचं, नाहीतर छाती दाबूनही रक्त नीट फिरत नाही. एचडीयूत (जास्त देखरेख लागणाऱ्या पेशंटच्या वॉर्डात) ड्यूटी लागणार असेल किंवा बाहेरदेशी अर्ज करायचा असेल, तर मात्र एसीएलएसच आधी. (फी भरण्याआधी मेट्रनला विचारा, कधीकधी हॉस्पिटलच भरतं.)