‘आर्मी सॅक’ घेताय? खिशात टेप ठेवा

क्रॉफर्ड मार्केट असो की चोर बाजार, ‘आर्मी सॅक’ मागितली की पट्ट्यापट्ट्यांची, ४५ लिटरची बिनब्रँड बॅग पुढे येते. ‘युद्ध अभ्यास’ या भारत-अमेरिका संयुक्त लष्करी सरावाच्या फोटोंत अमेरिकन जवानांच्या पाठीवर दिसते त्या धाटणीची. नकलेबद्दल तक्रार नाही, नक्कल करताना माप चुकलंय त्याची आहे.

सॅकवर बाहेरून छोटे पाऊच अडकवायच्या त्या पट्ट्यांना मॉली म्हणतात. अमेरिकन लष्कराची ही पद्धत पुढे अनेक देशांनी उचलली, त्यामुळे संयुक्त सरावात एका सैन्याचा पाऊच दुसऱ्याच्या सॅकवर बसू शकतो. माप ठरलेलं: पट्टी २५ मिमी, दोन पट्ट्यांत मोकळी जागा २५ मिमी, उभ्या शिवणींत ३८ मिमी. या सॅकवर टेप लावला तर वरच्या ओळीत ३८ भरतात, खाली ३४-३५. एवढ्यानेही पाऊचची पट्टी अडते आणि जोर लावला की टाके उसवतात, कारण जिथे दाट बारटॅक (एकाच जागी पुढेमागे मारलेली घट्ट शिवण) हवी तिथे साधी सरळ शिवण मारली आहे.

पाऊच लावतानाही सर्रास चूक होते. पट्टी नुसती सॅकच्या पट्ट्यांमागून ओढून बटण लावतात. ती एकदा सॅकच्या पट्टीतून, एकदा पाऊचच्या, अशी आलटून पालटून विणत खाली न्यायची. नाहीतर भरलेली बाटली चालताना लोंबकळते.

कापड ६०० डेनिअर (धाग्याच्या जाडीचं माप) पॉलिएस्टर, ठीक. आतला पाणी अडवणारा पीयू (पॉलीयुरेथेन) थर मात्र मुंबईच्या दमट हवेत चिकट होतो, मग पापुद्रे सुटतात. पावसातून आल्यावर सॅक उलटी करून पंख्याखाली वाळवा, ओली माळ्यावर टाकू नका. कमरपट्टा नावालाच आहे. १० किलोंच्या वर सगळा भार खांद्यांवर. लोंबणारी टोकं गुंडाळून रबर लावा. गर्दीच्या लोकलमध्ये ती शेजाऱ्याच्या बॅगेत अडकली तर दादरला तो उतरतो आणि तुम्हालाही उतरवतो.

रंग काळा किंवा खाकी घ्या. भारतीय सेनेच्या २०२२ मधल्या डिजिटल कॅमोफ्लाजची नोंदणी झालेली आहे, ते बाहेर विकणं बेकायदा.

ऑफिसला आणि एका दिवसाच्या ट्रेकला चालेल. पाऊच लावायचेच नसतील तर साधी ट्रेकिंग सॅक पाठीला जास्त सुखाची. तरी हीच हवी असेल तर एक पाऊच सोबत न्या आणि दुकानातच प्रत्येक ओळीवर बसवून पाहा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या.